एमआरआयच्या सुईची गोष्ट

गेल्या वेळी आपण गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख कशी वाचायची ते पाहिलं. आज एका सुईची गोष्ट सांगते. गोष्ट तशी लांबची आहे, पण सुरुवात माझ्या घरातून करते.

दोन वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या जाऊबाईंना एमआरआय काढायला शहरात नेलं होतं. त्यांचं डोकं सारखं ठणकायचं, मधेच डोळ्यांपुढं अंधारी यायची. यंत्राच्या खोलीबाहेर एका मुलीनं त्यांच्या अंगावरचं सगळं काढायला लावलं. मंगळसूत्र, बांगड्या, केसातल्या पिना, जोडवी. जोडवी काही निघेनात, शेवटी तेल लावून काढली. लग्नापासून पायातच होती हो, जाऊबाईंचे डोळे भरून आले.

मग ती मुलगी म्हणाली, "कॉन्ट्रास्टची सुई द्यायची आहे. क्रिएटिनिनचा रिपोर्ट आणलाय का?" आम्ही कुठला आणतो! "मग आधी रक्त तपासून या. त्याशिवाय सुई देता येणार नाही." सगळा दिवस गेला, शेवटची एसटी चुकली. मी त्या पोरीवर चांगलीच चिडले.

संध्याकाळी रिपोर्ट आला. क्रिएटिनिन बरंच वाढलेलं. गुडघे दुखतात म्हणून जाऊबाई कित्येक वर्षं दुकानातून गोळ्या आणून खात होत्या, त्याचा मार किडनीला बसला होता. डॉक्टरांनी सुई रद्द केली आणि बिनसुईचा एमआरआय काढला. डोक्यात काही निघालं नाही. दुखणं वाढलेल्या रक्तदाबाचं होतं, आणि रक्तदाब किडनीमुळे वाढला होता. उपचार सुरू झाले, आज बऱ्या आहेत.

ती मुलगी एवढी का अडून बसली, हे तेव्हा मला कळलं नाही. नंतर डॉक्टरांना विचारलं, थोडं वाचलं. तेव्हा समजलं की त्या सुईत एक धातू असतो. बघा गंमत, अंगावरचा धातू काढायला लावतात आणि अंगात धातूच सोडतात!

हे कसं, ते समजायला आधी एमआरआय म्हणजे काय ते पाहू. आपल्या शरीरात निम्म्याहून जास्त पाणी आहे. पाण्याच्या प्रत्येक कणात हायड्रोजन असतो आणि हायड्रोजनचं केंद्र म्हणजे जणू इवलंसं लोहचुंबक. एमआरआयचं यंत्र म्हणजे मोठं, फार ताकदीचं लोहचुंबक. त्याच्या पोटात माणूस गेला की ही इवली चुंबकं शाळेच्या परिपाठाला पोरं उभी राहावीत तशी ओळीत येतात. मग यंत्र रेडिओच्या लहरी सोडतं. हो, आपला हा कार्यक्रम ज्या जातीच्या लहरींवरून तुमच्या घरात येतो, त्याच जातीच्या. आपला एफएम ८८ ते १०८ मेगाहर्ट्झमध्ये बोलतो, तर दीड टेस्ला ताकदीचं एमआरआय यंत्र सुमारे ६४ वर. लहरींचा धक्का लागला की ओळ मोडते, लहर थांबली की कण परत जागेवर येतात. येता येता बारीक आवाज द्यावा तशी खूण देतात. कुठला कण किती वेळात परतला, त्यावरून चित्र तयार होतं. यात क्ष-किरण नसतात.

हे शास्त्र १९४६ च्या सुमारास अमेरिकेत सुरू झालं. फेलिक्स ब्लॉख आणि एडवर्ड पर्सेल यांनी दोन वेगवेगळ्या ठिकाणी ते शोधलं. ब्लॉख यांना तेव्हाच दिसलं होतं की पाण्यात लोखंडाचा क्षार टाकला तर कण लवकर जागेवर येतात. म्हणजे आजच्या सुईचं बी तेव्हाच पडलं होतं. पण त्या काळी हे पाणी काचेच्या नळीत होतं, माणसाच्या अंगात नव्हतं.

या कामात आपल्या देशाची माणसंही आहेत बरं का. एस. एस. धर्माट्टी ब्लॉख यांच्याकडे काम करत होते. १९५१ मध्ये त्यांनी आणि दोन सहकाऱ्यांनी साध्या अल्कोहोलच्या एकाच कणातल्या हायड्रोजनच्या तीन वेगळ्या खुणा दाखवल्या. जगभरच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकांत हा प्रयोग सांगतात. पुढे धर्माट्टी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि या शास्त्राचा पाया त्यांनी तिथं घातला. नंतर १९७५ मध्ये अनिल कुमार यांनी स्वित्झर्लंडमध्ये वेल्टी आणि अर्न्स्ट यांच्याबरोबर चित्र जुळवण्याची जी गणिती रीत मांडली, तिच्यातूनच आजच्या यंत्रांची रीत आली. अनिल कुमार यांनी पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत काम केलं.

पण खुणांवरून चित्र काढायची मूळ कल्पना पॉल लाउटरबर या अमेरिकी रसायनतज्ज्ञाची. १९७१ च्या सप्टेंबरात जेवता जेवता त्यांना ती सुचली आणि लगेच त्यांनी वहीत उतरवली. 'नेचर' या नावाजलेल्या नियतकालिकानं त्यांचा लेख आधी परत पाठवला, मग त्यांनी पुन्हा आग्रह धरल्यावर १९७३ मध्ये छापला. त्यातलं चित्र कशाचं होतं? पाण्याच्या दोन बारीक नळ्यांचं! पुढे त्यांच्या लेकीनं समुद्रकाठी वेचलेल्या एका छोट्या शिंपल्यातल्या जिवाचं चित्र त्यांनी काढलं. तिथून हे माणसांपर्यंत आलं. २००३ मध्ये त्यांना आणि इंग्लंडच्या पीटर मॅन्सफील्ड यांना नोबेल मिळालं.

लाउटरबर मुळात रसायनाचे, त्यामुळे त्यांना दिसलं की नुसतं चित्र पुरत नाही. पांढऱ्या साडीवरचं पांढरं भरतकाम लांबून कुठं दिसतं? रोगट भाग आणि चांगला भाग कधी कधी सारखेच दिसतात. १९७८ मध्ये त्यांनी मारिया हेलेना मेंडोंसा-डायस आणि रुडिन या सहकाऱ्यांबरोबर कुत्र्यांवर प्रयोग केला. मँगनीज धातूचा क्षार दिल्यावर हृदयाचा चांगला भाग आणि रक्त न मिळालेला भाग यांच्यातला फरक कळू लागला. रस्ता सापडला. पण मँगनीज असा मोकळा माणसाला देणं धोक्याचं.

आता गॅडोलिनियमची पाळी. हा धातू १८८० मध्ये जिनिव्हाच्या मारिन्याक यांना सापडला. नाव पडलं फिनलंडच्या योहान गाडोलिन या रसायनतज्ज्ञावरून. आपल्या केरळ-ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या मोनाझाइट वाळूतही तो थोडा असतो. त्याचा गुण असा की त्याच्याजवळ आलेला पाण्याचा कण फार लवकर जागेवर परततो. परिपाठात छडी घेतलेले गुरुजी शेजारी उभे राहिले की पोरं कशी पटकन ओळीत येतात, तसंच. जिथं गॅडोलिनियम पोचतो तिथं चित्र उजळतं.

पण गुण तसा दोषही मोठा. मोकळा गॅडोलिनियम विषारी आहे. त्याचा कण आकारानं कॅल्शियमच्या कणाएवढा. आपलं हृदय, स्नायू, नसा कॅल्शियमवर चालतात. हा पाहुणा कॅल्शियमच्या दारात जाऊन बसतो आणि दार अडवतो.

मग करायचं काय? मैत्रिणींनो, गोदावरीच्या, मांजरेच्या काठाला आपण खेकडे पाहिलेत. एकदा नांगीत धरलं की सोडत नाही. रसायनशास्त्रात अशी धातूला धरून ठेवणारी रेणूंची एक जात आहे आणि तिचं नावच खेकड्याच्या नांगीच्या ग्रीक शब्दावरून पडलंय. त्यातल्या एकाचं नाव डीटीपीए. शरीरात गेलेले जड धातू बाहेर काढायला ते आधीपासून वापरात होतं. पश्चिम बर्लिनच्या शेरिंग कंपनीत हान्स-योआखिम वाइनमान, हाइन्ट्स ग्रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गॅडोलिनियम या नांगीत दिला. नांगी धातूला आठ जागी धरते. नववी जागा मोकळी राहते आणि तिथून पाण्याचे कण सेकंदाला लाखो वेळा येऊन जातात. म्हणजे धातूचं काम चालू, पण धातू बांधलेला. १९८१ मध्ये त्यांनी पेटंटचा अर्ज केला. १९८४ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी पहिल्या २० रुग्णांचा अनुभव छापला. १९८८ मध्ये मॅग्नेविस्ट या नावानं हे औषध बाजारात आलं.

त्याचा उपयोग केवढा, तेही सांगते. मेंदूच्या रक्तवाहिन्यांना एक राखणदार भिंत असते, ती या औषधाला आत सोडत नाही. पण गाठ असेल, क्षयाचा संसर्ग असेल, तर तिथं भिंत फुटलेली असते. औषध झिरपतं आणि नेमका तेवढाच भाग दिव्यासारखा उजळतो. कुठं कापायचं, कुठल्या रोगाचं औषध द्यायचं, हे डॉक्टरांना कळतं. पन्नास किलोच्या बाईला साधारण १० मिलिलिटर पुरतं. त्यात धातू एक ग्रॅमहूनही कमी. किडनी ठीक असेल तर एका दिवसात जवळजवळ सगळं लघवीवाटे निघून जातं.

किडनी ठीक असेल तर. सगळी गोम इथंच होती.

१९९७ पासून अमेरिकेत डायलिसिसवरच्या काही रुग्णांना एक नवा आजार दिसू लागला. कातडी जाड आणि लाकडासारखी कडक व्हायची, सांधे आखडायचे, चालणं बंद पडायचं. काही जण दगावले. कारण कोणालाच कळेना. पाणी झालं, औषधं झाली, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. २००६ मध्ये ऑस्ट्रियाच्या थॉमस ग्रोबनर या किडनीच्या डॉक्टरांनी दाखवलं की या रुग्णांना आधी गॅडोलिनियमची सुई दिलेली होती. त्याच वर्षी डेन्मार्कमधूनही तेच आलं. आजारी किडनी औषध बाहेर टाकू शकत नव्हती. ते दिवसच्या दिवस अंगात फिरत राहिलं आणि तेवढ्या वेळात नांगी सैल पडून धातू सुटला. २००७ मध्ये अमेरिकेनं औषधावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला.

इथं एक गोष्ट मनाला लागते. नांग्या दोन प्रकारच्या होत्या. एक लांबट, म्हणजे ओच्यात धरलेल्या दाण्यांसारखी, हात सुटला की सांडणार. दुसरी गोल कड्याची, तोंड बांधलेल्या पोत्यासारखी. फ्रान्समध्ये १९८९ पासून गोल कड्याचं औषध वापरात होतं. तरी कुठली नांगी घट्ट, हा प्रश्न जगानं मनावर घेतला तो माणसं आजारी पडल्यावरच. पुढे २०१४ मध्ये जपानी डॉक्टरांनी दाखवलं की वारंवार सुया घेतलेल्यांच्या मेंदूत धातूचा थोडा अंश राहतो. त्यानं नेमकं काही बिघडतं असं सिद्ध झालेलं नाही, पण २०१७ मध्ये युरोपनं लांबट प्रकारची बरीचशी औषधं थांबवायचा निर्णय घेतला. आता निम्म्या मात्रेत काम करणारं गोल कड्याचं औषधही २०२२ पासून आलंय. सुईआधी किडनी तपासायची रीत पडल्यापासून तो कातडीचा आजार नव्यानं क्वचितच दिसतो.

ज्या रीतीमुळं आमची एसटी चुकली, ती ही रीत. त्या पोरीवर चिडले होते, आता तिचे आभार मानते.

म्हणून बायांनो, नांदेडला जा, लातूरला जा नाहीतर हैदराबादला, एमआरआयला जाताना चार गोष्टी ध्यानात ठेवा. एक, किडनीचा त्रास, साखर, रक्तदाब, वर्षानुवर्षं खाल्लेल्या वेदनांच्या गोळ्या, सगळं आपल्या तोंडानं सांगा. नवऱ्यानं किंवा मुलानं "काही नाही" म्हणून सांगून टाकायची ही गोष्ट नाही. दोन, क्रिएटिनिनचा रिपोर्ट बरोबर न्या. तीन, दिवस गेलेले असतील किंवा शंका असेल तर आधीच सांगा. चार, विचारा, "सुई कशासाठी, आणि गोल कड्याचं औषध आहे का?" सही करायच्या कागदावर काय लिहिलंय ते कोणाकडून तरी वाचून घ्या. लाजू नका.

आणि हेही ऐका. हे ऐकून घाबरून सुईला नाही म्हणू नका. किडनी ठीक असेल आणि डॉक्टरांना गरज वाटत असेल, तर त्या सुईमुळं वेळेवर सापडलेली गाठ जीव वाचवते.

पुढच्या बैठकीत गटातल्या बायकांना एक प्रश्न विचारा. आपल्यापैकी किती जणी रोज दुखण्याची गोळी खातात? हात वर करायला सांगा आणि मोजा. येते मी. नमस्कार.