मैत्रिणीसाठी सोडलेली जागा

जून १८१२ मध्ये हॅरिएट न्यूएल आणि ॲन जडसन या अमेरिकेतील मैत्रिणी आपल्या मिशनरी पतींसह कलकत्त्यास पोहोचल्या, तेव्हा १८ वर्षांची हॅरिएट गरोदर होती. फोर्ट विल्यम, म्हणजे हुगळीकाठचा किल्ला आणि त्याच्याच नावाने चालणारे ईस्ट इंडिया कंपनीचे सरकार, मिशनऱ्यांस प्रतिकूल असल्यामुळे त्यांना देश सोडण्याचा हुकूम मिळाला. फोर्ट विल्यम कॉलेजात मराठीही शिकवणारे विल्यम कॅरी यांनी कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूरला आसरा दिला, तरी हुकूम टळला नाही. आइल ऑफ फ्रान्सला, म्हणजे आजच्या मॉरिशसला, निघालेल्या जहाजावर दोघांपुरतीच जागा होती, आणि हॅरिएटची अवस्था ध्यानी घेऊन जडसन दांपत्याने ती न्यूएल दांपत्याला दिली.

वादळांमुळे हा प्रवास लांबला आणि ऑक्टोबरमध्ये, जवळ ना सुईण ना मैत्रीण अशा स्थितीत, हॅरिएट जहाजावरच बाळंत झाली. पावसावाऱ्याने गारठलेली तिची मुलगी पाचव्या दिवशी दगावली आणि ३० नोव्हेंबरला क्षयाने हॅरिएटही गेली. जानेवारी १८१३ मध्ये ॲन मॉरिशसला पोहोचली, तेव्हा तिला मैत्रिणीच्या मृत्यूचीच वार्ता मिळाली. त्याच वर्षी रंगूनच्या वाटेवर तिचे स्वतःचे मूलही मृत जन्मले.

हॅरिएटचे पती सॅम्युएल न्यूएल पुढे मुंबईच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये दाखल झाले, आणि त्या मिशनच्या इतिहासात त्यांच्या कार्याइतकेच मोल, सरकारने नाकारलेला आधार आपल्या परीने देऊ पाहणाऱ्या या मैत्रीलाही दिले पाहिजे.