मिनी मोटारगाडीचे चाक-धारवे

‘मिनी’ (१९५९–२०००) या छोट्या ब्रिटिश मोटारगाडीची चाके ज्यांच्या आधारे फिरतात ते धारवे. सामान्य व्यवहारात त्यांना बेअरिंग म्हणतात. प्रत्येक चाकाला धारव्यांची एक जोडी असते. गाडीचे उत्पादन थांबून बराच काळ लोटला असला, तरी हजारो गाड्या अजून रस्त्यावर आहेत. त्यांच्या मालकांना व दुरुस्ती करणाऱ्यांना झिजलेल्या धारव्यांच्या जागी नवे निवडताना गाडीचा इतिहास जाणून घ्यावा लागतो, कारण एकाच नावाच्या या गाडीत चार दशकांत एकाहून अधिक प्रकारचे धारवे बसविले गेले.

सुएझ संघर्षामुळे १९५६ च्या अखेरीस ब्रिटनमध्ये पेट्रोलचे नियंत्रित वाटप सुरू झाले. कमी इंधनावर चालणारी खरीखुरी छोटी गाडी तयार करण्याचे काम ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने अ‍ॅलेक इसिगोनिस (१९०६–८८) यांच्याकडे सोपविले. त्यांनी एंजिन आडवे बसविले, पुढची चाके चालक केली आणि सु. ३ मी. लांबीच्या गाडीत चार माणसांची सोय केली. चाकांच्या कमानींनी आतली जागा खाऊ नये म्हणून त्यांनी अवघ्या १० इंची (२५.४ सेंमी.) चाकांचा आग्रह धरला व डनलॉप कंपनीने त्यांसाठी खास टायर तयार केले. या निर्णयाचे कौतुक पुष्कळ झाले आहे. त्याची किंमत धारव्यांनी मोजली, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. टायरासह सु. अर्धा मीटर व्यासाचे चाक ताशी १०० किमी. वेगाने जाताना मिनिटाला हजाराहून अधिक फेरे घेते. इसिगोनिस यांच्याच आधीच्या मॉरिस मायनर गाडीचे १४ इंची चाक त्याच वेगाला याहून बरेच कमी फिरते. शिवाय लहान चाकाचा मध्य रस्त्याच्या जवळ असल्याने पावसाळी रस्त्यावरील पाणी व चिखल धारव्यांच्या संरक्षक कड्यांवर सतत उडत राहतो.

बैलगाडीच्या चाकाचा तुंबा लोखंडी आसाभोवती घासत फिरतो आणि ओंगण घालून ते घर्षण सुसह्य केले जाते. या घासण्याऐवजी गोलकांचे लोळणे योजण्याची कल्पना वेल्समधील कारमार्थन येथील फिलिप व्हॉन यांनी १७९४ मध्ये गाडीच्या आसासाठी घेतलेल्या पेटंटात आढळते. तथापि सर्व गोलक अचूक एकाच आकाराचे नसतील, तर मोठ्या गोलकांवरच सगळा भार येतो. ही अडचण जर्मनीतील श्वाइनफुर्ट येथे फ्रीड्रिख फिशर यांनी १८८३ मध्ये गोलक घासून एकसारखे करणारे यंत्र तयार केल्यावर दूर झाली. अमेरिकेत सेंट लुइस येथील बग्गी तयार करणारे हेन्री टिमकेन यांच्यापुढचा प्रश्न वेगळा होता. भरलेली गाडी वळण घेताना धारव्यावर वरून येणाऱ्या भाराबरोबर बाजूनेही रेटा येतो. एका टोकाला निमुळते असलेले रूळ तिरप्या खोबणीत बसविले, तर ते दोन्ही भार एकाच वेळी पेलतात, हे ओळखून त्यांनी १८९८ मध्ये निमुळत्या रूळ धारव्याचे पेटंट घेतले.

मिनीच्या इतिहासात हे दोन्ही वंश एकत्र येतात. १९५९ च्या मूळ गाडीत पुढच्या चाकांना गोलक धारवे होते. गोलक खोबणीला जवळजवळ एका बिंदूत टेकतो, म्हणून घर्षण कमी आणि किंमतही कमी. रूळ रेषेत टेकतो, म्हणून भार जास्त पेलतो. ढोलाचे ब्रेक व मर्यादित शक्तीचे एंजिन असेपर्यंत गोलक धारवे पुरेसे ठरले. १९६३ मध्ये कूपर एस ही वेगवान आवृत्ती निघाली, तेव्हा चकती ब्रेकबरोबर तिच्या पुढच्या चाकांना निमुळते रूळ धारवे देण्यात आले. साध्या मिनीला मात्र पुढे जुनेच धारवे राहिले. १९८४ मध्ये सर्व गाड्यांना १२ इंची चाके व पुढे चकती ब्रेक आले आणि रूळ धारवेही सर्वत्र रूढ झाले. म्हणूनच केवळ ‘मिनीचे धारवे’ मागणे पुरेसे होत नाही. गाडीचे वर्ष आणि ब्रेकचा प्रकार सांगावा लागतो. त्यातही मधल्या काळात पुढचा सगळा भाग दुसऱ्या गाडीवरून आणून बसविलेला असू शकतो. अशा वेळी नोंदणीपत्रकापेक्षा समोर दिसणाऱ्या तुंब्यावर विश्वास ठेवणे सुरक्षित होय.

निवडीतील खरी गोम धारव्यांपेक्षा त्यांच्या मधल्या अंतरक कड्यात आहे. चालक दंडावरील मोठा नट आवळला, की दोन्ही धारव्यांची आतील कडी या अंतरकावर दाबली जातात आणि धारव्यांत किती मोकळीक राहावी हे त्या कड्याच्या जाडीवरून ठरते. रूळ धारव्यांच्या संचात हे कडे त्या विशिष्ट जोडीशी कारखान्यातच जुळविलेले असते. जुने अंतरक नव्या धारव्यांबरोबर वापरले, किंवा एका संचाचे आतील कडे दुसऱ्या संचाच्या बाहेरील कड्यात बसविले, तर दिसायला सर्व ठीक असूनही चाक एकतर सैल राहते किंवा धारवा तापून लवकर निकामी होतो. जुना भाग ‘अजून चांगला दिसतो’ म्हणून ठेवण्याची काटकसर येथे सर्वांत महाग पडते. गोलक धारव्यांची चूक निराळी असते. ते एका बाजूने येणारा रेटा पेलण्यासाठी घडविलेले असतात व त्यांच्या एका बाजूवर तशी खूण कोरलेली असते. दोन्ही धारव्यांच्या खुणा अंतरकाकडे, म्हणजे समोरासमोर याव्या लागतात. बाहेरची मोजमापे जुळणारा कोणताही साधा गोलक धारवा तुंब्यात बसेल, पण वळणावरचा रेटा त्याला दीर्घकाळ सोसणार नाही.

मागच्या चाकांची रचना उलटी आहे. पुढे आतील कडे फिरते व बाहेरील स्थिर राहते. मागे आस स्थिर असून तुंबा बाहेरील कड्यासह फिरतो. गाडीच्या डाव्या बाजूच्या मागच्या आसावरील नटाचे आटे डावे असतात, हे माहीत नसल्याने तो सोडविण्याच्या प्रयत्नात अधिकच आवळला गेल्याची उदाहरणे पुष्कळ घडतात. या तुंब्यात गोलकांच्या जागी बसणारे निमुळत्या रुळांचे संचही मिळतात. मूळ स्वरूप जपू पाहणारा संग्राहक गोलकांना चिकटून राहतो. रोज गाडी चालविणारा बहुधा रूळ पसंत करतो, आणि त्याचे म्हणणे अधिक सबळ आहे. रुंद चाके बसविलेल्या गाडीच्या बाबतीत तर प्रश्नच उरत नाही. भार दुप्पट झाला, तर गोलक धारव्याचे अपेक्षित आयुष्य एक अष्टमांशावर येते, असे लुंडबर्ग व पाल्मग्रेन यांच्या १९४७ च्या सिद्धांतावरून दिसते. चाक बाहेरच्या बाजूला सरकले, की बाहेरील धारव्यावरचा भार असाच वाढतो.

धारवा एकाएकी तुटत नाही. आधी गुणगुण ऐकू येते, ती वळणावर वाढते किंवा थांबते; पुढे चाक हाताने हलविले असता खेळ जाणवतो. तरीही दुर्लक्ष झाले, तर कडे आसावर फिरू लागते, आस झिजतो आणि शेवटी चाकासह तुंबा निखळण्याचा संभव निर्माण होतो.

मूळ पुरवठा करणाऱ्या ब्रिटिश उद्योगाची स्थितीही आज पूर्वीची नाही. चेम्सफर्डच्या हॉफमन कंपनीचे १९६९ मध्ये रॅन्सम अँड मार्ल्स व पोलार्ड यांच्याशी विलीनीकरण झाले, तिचा चेम्सफर्ड येथील कारखाना १९८९ मध्ये बंद पडला आणि एकत्रित कंपनी १९९० मध्ये जपानच्या एनएसकेकडे गेली. नॉर्दॅम्प्टनजवळील डस्टन येथील टिमकेनचा कारखाना २००२ मध्ये बंद झाला. परिचित नावाच्या खोक्यात आता कोणत्याही देशातील माल असू शकतो, तसेच नामांकित खोक्यांची नक्कलही होते. यामुळे जाणकार खरेदीदार खोके बाजूला ठेवून धारव्याच्या कड्यावर कोरलेले उत्पादकाचे नाव व क्रमांक वाचतात, दोन्ही धारव्यांवरील नाव एकच असल्याची खात्री करतात आणि संचात अंतरक व संरक्षक कडी आहेत की नाहीत हे मोजून पाहतात.