रायफलच्या दस्त्यात नेमकं असतं काय? एम-16 ची गोष्ट वाचा

1967 साल. व्हिएतनाममध्ये लढणाऱ्या अमेरिकी सैनिकांच्या एम-16 रायफली ऐन लढाईत अडकत होत्या. गोळी सुटायची, पण रिकामं काडतूस आतच रुतून बसायचं. सैनिकांची घरी आलेली पत्रं थेट अमेरिकी संसदेपर्यंत पोहोचली आणि चौकशी सुरू झाली. या गोष्टीतलं एक पात्र म्हणजे दस्त्यात लपलेला छोटासा भाग, बफर.

बफर काय करतो?

सेमी-ऑटोमॅटिक रायफलमध्ये एकदा ट्रिगर दाबला की एकच गोळी सुटते. पण रिकामं काडतूस बाहेर फेकणं आणि नवं आत घेणं, हे काम रायफल स्वतः करते. गोळीमागच्या वायूच्या दाबाने बोल्ट मागे ढकलला जातो. एम-16 आणि तिच्या नागरी आवृत्तीत, म्हणजे एआर-15 मध्ये, तो दस्त्यातल्या नळीकडे सरकतो. तिथली स्प्रिंग आणि वजनदार बफर त्याला थोपवतात आणि पुन्हा पुढे पाठवतात.

वजन चुकलं तर?

बफर फार हलका असेल तर बोल्ट लवकर उघडतो. तेव्हा आतला दाब जास्त असतो, काडतूस भिंतीला चिकटलेलं असतं आणि ओढताना त्याची कडा फाटू शकते. बफर फार जड असेल तर बोल्ट पूर्ण मागे जात नाही आणि पुढची गोळी भरली जात नाही. पूर्ण लांबीच्या रायफलचा बफर साधारण 145 ग्रॅमचा असतो, तर आखूड कार्बाइनचा साधा बफर सुमारे 85 ग्रॅमचा.

व्हिएतनाममध्ये काय चुकलं?

काडतुसातली दारू बदलण्यात आली होती. नव्या दारूने ऑटोमॅटिक फायरचा वेग मिनिटाला 1000 गोळ्यांपर्यंत जायचा आणि आत काजळीही जास्त साचायची. त्यात सफाईचं साहित्य अपुरं होतं. मग जड बफर बसवला गेला, काडतूस बसते त्या जागेला क्रोमचा मुलामा दिला गेला आणि सफाईवर भर दिला गेला. म्हणजे एकट्या बफरने प्रश्न सुटला नाही. ऑक्टोबर 1967 मध्ये संसदीय उपसमितीच्या अहवालाने लष्कराच्या कारभारावर कडक ताशेरे ओढले.

एके-47 चा दस्ता दुमडतो, मग हिचा का नाही?

एके-47 मध्ये स्प्रिंग रायफलच्या मधल्या भागातच असते. दस्ता फक्त खांद्याला टेकायला. म्हणून तो दुमडूनही गोळी झाडता येते. एआर-15 चा दस्ता पुढे-मागे सरकवता येतो, पण आतली नळी तशीच राहावी लागते. याचा एक फायदाही आहे. दस्ता नळीच्या सरळ रेषेत असल्याने धक्का थेट खांद्यावर येतो आणि रायफलचं तोंड कमी उसळतं.

भारतात काय?

भारतीय लष्कराकडे दोन्ही पद्धती आहेत. 2019 मध्ये 72,400 रायफलींचा करार झाला, त्या सिग-716 मध्ये बफर दस्त्यात आहे. अमेठीजवळच्या कोरवात बनणाऱ्या एके-203 चा दस्ता मात्र दुमडतो.