आडवी बाटली (मतदान)

आडवी बाटली हे महाराष्ट्रातील गावात किंवा प्रभागात असलेले परवानाधारक दारू दुकान बंद करण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या गुप्त मतदानाचे प्रचलित नाव आहे. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात. उभी बाटली म्हणजे दुकान चालू ठेवावे आणि आडवी बाटली म्हणजे ते बंद करावे. चित्रांमुळे निरक्षर मतदारासही कौल देता येतो.

पार्श्वभूमी

अतिमद्यपानामुळे यकृताचे विकार व कर्करोग जडतात, अपघात वाढतात, मजुरीचा पैसा गुत्त्यात जातो आणि घरात मारहाण होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) राज्यात १५ वर्षांवरील १३.९ टक्के पुरुष मद्यपान करतात. स्त्रियांमध्ये हे प्रमाण ०.४ टक्के आहे. व्यसन प्रामुख्याने पुरुषांचे असले तरी त्याची झळ स्त्रियांना बसते. म्हणूनच अशा चळवळींत त्या अग्रभागी असतात.

प्रक्रिया

२००८ च्या शासन आदेशानुसार किमान २५ टक्के महिला किंवा एकूण मतदारांनी निवेदन दिल्यास, पडताळणीनंतर मतदान घेतले जाते. दुकान बंद होण्यासाठी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीस मिळावी लागतात. हे प्रमाण झालेल्या मतदानावर नव्हे, तर नोंदणीकृत मतदारसंख्येवर मोजले जाते. त्यामुळे गैरहजर मतदार प्रत्यक्षात उभ्या बाटलीच्याच पथ्यावर पडतो.

मर्यादा

हा निर्णय केवळ परवानाधारक दुकानांना लागू होतो. हातभट्टीची दारू मुळातच बेकायदेशीर असल्याने तिच्याविरुद्ध पोलीस व राज्य उत्पादन शुल्क विभागाची स्वतंत्र कारवाई आवश्यक ठरते.