डॉल्बी : गोंगाटाला मिळालेले नाव, शांततेचा शोध आणि माजलगावची ओवी

१/ महाराष्ट्रात 'डॉल्बी' म्हटले की मिरवणुकीतल्या, छाती दणाणून सोडणाऱ्या कर्ण्यांच्या भिंती डोळ्यांसमोर येतात. 'डॉल्बीमुक्त गणेशोत्सवा'ची आवाहनेही दरवर्षी होतात. पण हे नाव ज्या माणसाचे, त्याची कीर्ती आवाज वाढवण्यामुळे नव्हे, तर नको असलेला आवाज घटवण्यामुळे झाली. त्या शोधाचा हा इतिहास. आणि बीड जिल्ह्यातील ओवीपाशी तो उभा करतो तो प्रश्न.

२/ मूळ अडचण फितीतच होती. चुंबकीय टेपवर असंख्य सूक्ष्म कणांचा लेप असतो. त्यांच्या विस्कळीत रचनेतून एक अखंड सरसर उमटते. तिला 'हिस' म्हणतात. आवाज मोठा असेल तर ती झाकली जाते. तंबोऱ्याचा विरत जाणारा नाद मात्र तिच्यात बुडतो. पातळी फार चढवली, तर फीत तृप्त होऊन सूर फाटतो. म्हणजे खाली सरसरीची जमीन आणि वर विकृतीचे छत.

३/ यावरची तोड टेपच्याही आधी टेलिफोन अभियंत्यांना सापडली होती. १९३० च्या दशकात अटलांटिकपार रेडिओ-टेलिफोनवर 'कंपॅन्डर' वापरात आला. पाठवताना आवाजाचा चढउतार दाबायचा आणि ऐकताना तो तितकाच फुलवायचा, अशी ही जोडी.

४/ हिशेब सोपा आहे. समजा, टेपची सरसर उणे ५० डेसिबलवर आहे आणि गाण्यातला हळुवार स्वर उणे ६० वर. थेट नोंदला तर तो बुडणारच. २:१ प्रमाणात दाबला, तर उणे ६० चा उणे ३० होतो आणि सरसरीच्या वर येतो. परत वाजवताना तो पुन्हा उणे ६० वर जातो. त्याच ओघात सरसरही खूप खोल ढकलली जाते.

५/ मंडलात हे काम दोन भागांत चालते. एक भाग आवाजाची पातळी मोजून तिचे नियंत्रक व्होल्टेज बनवतो. दुसरा त्या व्होल्टेजनुसार प्रवर्धन बदलतो. खरी कसोटी वेळेची. प्रतिसाद फार मंद असेल, तर ठोक्याची सुरुवात निसटून टेपला धडकते. फार जलद असेल, तर मंद्र स्वरांचीच लाट वेडीवाकडी होते. शिवाय आवाजाबरोबर सरसरही वरखाली होऊ लागते. जणू यंत्र श्वास घेत आहे.

६/ येथे रे डॉल्बी इतिहासात येतो. जन्म १९३३, अमेरिकेतील पोर्टलंड. तरुणपणीच तो ॲम्पेक्स कंपनीच्या १९५६ च्या व्हिडिओ टेप यंत्रावर काम करणाऱ्या चमूत होता. पुढे केंब्रिजची डॉक्टरेट, आणि १९६३ ते १९६५ युनेस्कोचा सल्लागार म्हणून भारतात वास्तव्य. ते संपताच १९६५ मध्ये त्याने लंडनमध्ये स्वतःची प्रयोगशाळा काढली.

७/ त्याच्या विचाराचे मर्म दोन गोष्टींत होते. पहिली : मोठ्या आवाजाला हातच लावायचा नाही. मुख्य संकेत सरळ जाऊ द्यायचा, आणि फक्त क्षीण भाग बाजूच्या वाटेने उचलून त्यात मिसळायचा. ऐकताना तोच भाग वजा करायचा. दुसरी : ध्वनिपट्टा चार भागांत विभागायचा. ढोलाचा मंद्र ठोका वरच्या पट्टीतली सरसर झाकू शकत नाही; म्हणून प्रत्येक पट्टीचा न्याय स्वतंत्र.

८/ 'डॉल्बी ए' नावाची ही पद्धत १९६६ मध्ये लंडनच्या डेक्का कंपनीने प्रथम स्वीकारली. १९६८ मध्ये घरगुती वापरासाठी सुटसुटीत 'डॉल्बी बी' आली. ती केवळ उच्च स्वरांवर काम करी आणि सरसर सुमारे १० डेसिबलने घटवी. सेकंदाला जेमतेम ४.७६ सेंटिमीटर सरकणाऱ्या कॅसेटला संगीतयोग्य होण्यास तिचा मोठा हातभार लागला.

९/ पण ही जोडी म्हणजे एक करार आहे. 'डॉल्बी बी'ने नोंदलेली कॅसेट उलट प्रक्रियेविना वाजवली, तर आवाज टोचरा होतो. साधी कॅसेट डॉल्बीचे बटण दाबून ऐकली, तर तो मळका होतो. जुन्या कॅसेटी संगणकावर उतरवताना वेष्टनावरची खूण म्हणूनच जपायची असते. ती हरवली, तर कराराची एक बाजूच हरवते.

१०/ आता बीड जिल्हा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातील बायकांच्या जात्यावरच्या ओव्यांचा प्रचंड संग्रह उभारला. १९९६ मध्ये माजलगावच्या भीमनगर वस्तीत बायकांनी गायिलेल्या, बाबासाहेब आंबेडकरांवरील ओव्या या प्रकल्पात ध्वनिमुद्रित झाल्या. अभियंता आणि संगीत-अभ्यासक बर्नार्ड बेल यांचा त्यात सहभाग होता. शतकानुशतके ज्या आवाजांची नोंद कुणी ठेवली नाही, ते आवाज आता टिकणार होते.

११/ ओवी मुळात जात्याच्या घरघरीत जन्मते. ही घरघर म्हणजे गोंगाट काय? कंपॅन्डरचे उत्तर लक्षणीय आहे. तो फक्त दाबणे आणि फुलवणे यांच्या मधल्या टप्प्यात, म्हणजे फितीत, शिरलेली सरसर घटवतो. मायक्रोफोनपर्यंत जे पोहोचले, ते जाते असो, कोंबडा असो वा रडणारे मूल, दोन्ही टप्पे पार करून तसेच परत येते. ओवी आणि घरघर यांत निवड करणे हे मंडलाचे काम नाही.

१२/ या प्रकल्पाची ध्वनिमुद्रणे डॅट या अंकीय फितीवर झाली. तिची मर्यादा ९० डेसिबलच्याही पलीकडची. तिला कंपॅन्डरची गरजच उरली नव्हती. तिच्यातले फिरते हेड मात्र त्या १९५६ च्या व्हिडिओ यंत्राच्याच तत्त्वाचे.

१३/ आज संगणक एका कळीसरशी जात्याची घरघरही पुसू शकतो. डॉल्बीच्या मंडलाला हा अधिकार नव्हता; ते माध्यमाचा दोष काढी, माणसाच्या भोवतालाला हात लावत नसे. पीठ पडण्याची लय पुसलेली ओवी कानाला स्वच्छ वाटेल; पण ती कोणते काम करताना गायिली जात होती, हे मग कोणत्याही यंत्राला परत मिळवता येणार नाही.