नाव आणि वाट

अंध-पंगु न्याय आपणां सर्वांस ठाऊक आहे. आंधळ्याला पाय असतात, पांगळ्याला डोळे. एकाने दुसऱ्यास खांद्यावर घेतले म्हणजे दोघेही मुक्कामास पोचतात. इमारतीत वावरणाऱ्या माणसांचा माग यंत्रे कशी काढू लागली, ह्याचा इतिहास आम्हांस ह्या न्यायाचाच इतिहास वाटतो.

इंग्लंडातील केंब्रिज येथे, ऑलिव्हेटीच्या संशोधनशाळेत, रॉय वाँट, अँडी हॉपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ ते १९९२ ह्या काळात एक बिल्ला तयार केला. अंगावर लावलेला हा बिल्ला सुमारे दर पंधरा सेकंदांनी अवरक्त किरणांतून आपली ओळख सांगे आणि खोलीतला संवेदक ती टिपून घेई. माणूस ज्या खोलीत असेल तेथे त्याचा दूरध्वनी जोडून द्यावा, असा साधा उपयोग होता. हे किरण भिंतीपलीकडे जात नाहीत. म्हणून खोली कळे, पण खोलीतली नेमकी जागा कळत नसे. शिवाय बिल्ला मेजावर काढून ठेवला, की यंत्राच्या लेखी माणूस तेथेच!

लेसरने अंतर मोजणाऱ्या उपकरणाचे नेमके उलट. त्याला जागा बारकाईने दिसते, पण माणूस कोण हे ठाऊक नसते. दोघे जवळून गेले, की कोण कोणीकडे वळला ह्याचा घोटाळा होतो.

२००३ मध्ये डर्क शुल्झ, डीटर फॉक्स आणि जेफ्री हायटॉवर यांनी अशा दोन प्रकारच्या संवेदकांची सांगड घालणारी रीत मांडली. लेसरने वाट दाखवावी, बिल्ल्याने नाव सांगावे. साक्षी जुळेपर्यंत यंत्राने अनेक तर्क जवळ बाळगावेत आणि न पटणारे हळूहळू टाकून द्यावेत. प्रत्येक साक्षीदार चुकू शकतो, हे आधीच धरून चालणे हे ह्या विद्येचे मर्म होय.

येथे आम्हांस थोडे थांबावेसे वाटते. एकटा लेसर निनावी होता; एकटा बिल्ला काढून ठेवता येत होता. दोहोंची जोड झाली आणि दारापाशी एकदा सांगितलेले नाव पुढच्या प्रत्येक पावलाला चिकटू शकले. घरात एकटा राहणारा वृद्ध पडला, तर हीच जोड मदतही बोलावू शकेल, हे आम्ही विसरत नाही. परंतु प्रत्येक संवेदक सुटा तपासून तो निरुपद्रवी ठरविल्याने भागत नाही. जोड तपासली पाहिजे. आंधळ्या-पांगळ्याच्या गोष्टीत मुक्काम दोघांचाही होता. येथे मुक्काम कोणाचा, हे ज्याचा माग काढायचा त्याला विचारूनच ठरावे.