लंगडी, ढांग आणि उडी



गिरगावातल्या वाडीत किंवा लालबागच्या चाळीच्या चौकात ज्यांचे बालपण गेले, त्यांना लंगडी कोणी शिकवावी लागत नाही. एक पाय दुमडायचा, दुसऱ्यावर तोल सांभाळायचा आणि पळणाऱ्या गड्याला शिवायचे. एवढ्याच भांडवलावर तो खेळ उभा राहतो. जागतिक स्पर्धांत जिला तिहेरी उडी म्हणतात, तिचा आरंभ या लंगडीनेच होतो. धावत येऊन ज्या पायाने फळीवरून उड्डाण केले त्याच पायावर उतरायचे, ही लंगडी. तेथून झेप घेऊन दुसऱ्या पायावर यायचे, ही ढांग. आणि त्या पायाच्या बळावर वाळूच्या हौदात झोकून द्यायचे, ही उडी. १८९६ साली अथेन्सला आधुनिक ऑलिंपिक सामने सुरू झाले, तेव्हा त्यांतला पहिला विजेता ठरला तो याच प्रकारात. जेम्स कॉनोली हे त्या अमेरिकन तरुणाचे नाव.

या विद्येत आपल्या देशाचे नाव प्रथम ज्याने जगापुढे नेले, त्या हेन्री रिबेलोची कथा आज मी सांगणार आहे. त्याचा जन्म १९२८ चा, शिक्षण बंगळूरचे. १९४८ साली, वयाची विशी पुरी होण्याआधीच, त्याने राष्ट्रीय स्पर्धेत पन्नास फूट दोन इंच, म्हणजे १५.२९ मीटर उडी मारली. स्वातंत्र्याला वर्षही झाले नव्हते. त्याच वर्षी लंडनला ऑलिंपिक भरायचे होते, आणि स्वतंत्र भारताचा संघ प्रथमच तेथे जायचा होता. या पोराकडून पदकाची आशा धरणे हे काही भाबडेपण नव्हते.

३ ऑगस्ट १९४८. वेम्ब्लीच्या मैदानावर रिबेलो अंतिम फेरीत पोहोचला. त्याचे नाव पुकारले गेले आणि तो धावपट्टीवर सज्ज झाला. एवढ्यात दुसऱ्या एका शर्यतीचा पारितोषिक-समारंभ सुरू झाला आणि पंचांनी त्याला थांबविले. लंडनची हवा गार होती. समारंभ आटोपला, खूण झाली, आणि रिबेलो तसाच धावत सुटला. फळीवरून उड्डाण केले मात्र, मांडीमागचा स्नायू फाटला आणि तो वाळूत कोसळला. त्याची स्पर्धा तेथेच संपली.

त्या दिवशी स्वीडनचा आर्ने ओमान १५.४० मीटर उडी मारून पहिला आला आणि तिसरे पदक १५.०२ मीटरला गेले. रिबेलोची मायदेशातली उडी या दोहोंच्या मधली होती. अर्थात मायदेशातली उडी परदेशात तशीच पडेल, असे छातीठोकपणे कोणीच म्हणू नये. परंतु तिची कसोटीच लागली नाही, हे शल्य उरतेच.

याला दैव म्हणून सोडून द्यावे काय? मला तसे वाटत नाही. लंगडीच्या त्या एका आघातात शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार एकाच पायावर येतो. त्यासाठी स्नायू ऊबदार आणि सैल असावा लागतो, थंडीत उभे राहिले की तो आखडतो. अशा वेळी ‘घाई करू नकोस, आधी अंग पुन्हा मोकळे कर’ एवढेच सांगणारा एखादा अनुभवी माणूस धावपट्टीजवळ असता तर? एकोणीस वर्षांच्या मुलाला जे सुचत नाही, ते सुचविण्यासाठीच तर शिक्षक असतो. दैवाला बोल लावला की आपली ही जबाबदारी सहज विसरली जाते.

त्याच लंडनच्या सामन्यांत आपल्या कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कुस्तीत सहावे आले होते. मातीत वाढलेला हा मल्ल तेथे प्रथमच मॅटवर झुंजला. परंतु खाशाबांना दुसरी संधी मिळाली, आणि ती समाजाने मिळवून दिली. हेलसिंकीला जाण्यासाठी गावोगाव वर्गणी जमली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. १९५२ साली खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. लंडनचा सहावा क्रमांक ही त्यांची पहिली पायरी ठरली. रिबेलोला मात्र दुखावलेल्या पायाने दुसरी पायरी चढू दिली नाही.

पण त्याची कारकीर्द वाळूच्या हौदात संपली असे म्हणणे अन्यायाचे होईल. तो वायुदलात गेला, ग्रुप कॅप्टनच्या हुद्द्यापर्यंत चढला, आणि पुढे देशातल्या होतकरू मुलांना हेरून शिक्षण देण्याच्या क्रीडाकार्यात त्याने मन घातले. आपल्याला जे मिळाले नाही, ते पुढच्यांना मिळावे म्हणून खपणे, यालाही मोठे मन लागते. २०१३ साली तो निवर्तला.

आणि पुढचे आले. १९५८ साली टोकियोच्या आशियाई सामन्यांत मोहिंदर सिंग १५.६२ मीटर उडीने सुवर्णपदकाचा मानकरी झाला. १९७० मध्ये बँकॉकला दुसऱ्या मोहिंदर सिंगाने, गिल याने, तोच मान मिळविला. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल सामन्यांत एल्डोस पॉल १७.०३ मीटरने पहिला, अब्दुल्ला अबूबकर १७.०२ मीटरने दुसरा, आणि प्रवीण चित्रवेल चौथा. दोघा भारतीयांत अंतर अवघ्या एका सेंटिमीटरचे! पुढल्याच वर्षी प्रवीणने हवानाला १७.३७ मीटरची मजल मारली.

श्रोतेहो, ही नावे पंजाबची, केरळची, तमिळनाडूची आहेत. आपल्या गिरणगावाचे एकही नाव त्यांत का नसावे, असे मनात येते. लंगडी आमच्या पोरांच्या पायांत आहे. पुढची ढांग टाकायला वाळूचा एक हौद आणि शेजारी उभा राहणारा एक जाणता शिक्षक हवा. चाळी जाऊन उंच इमारती उठत असताना त्या हौदापुरती जागा मागून घेणे एवढे तरी आपल्या हाती आहे. घरी परतताना चौकात कोणी पोरे लंगडी खेळताना दिसली, तर त्यांना हटकण्याआधी क्षणभर थांबून त्यांच्या पायांकडे पाहा.